कृष्णधवल छायाचित्रण : फिल्म की डिजिटल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णधवल छायाचित्रणाविषयी येणाऱ्या पत्रांत आणि निरोपांत ठरावीक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत आणि पुढे अपवादात्मक अडचणींचे. एखाद्या मुद्द्याचे विवेचन दुसऱ्या उत्तरात आले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कृष्णधवल छायाचित्रांसाठी फिल्म घ्यावी की डिजिटल? थेट उत्तर मिळेल का?

मिळेल, मात्र तुमचे छायाचित्र शेवटी कोणत्या रूपात राहणार आहे, हे आधी तुम्हाला ठरवावे लागेल. ते फोनच्या पडद्यावर पाहिले जाणार असेल, नियतकालिकाला पाठवायचे असेल किंवा एका दिवसात शेकडो फ्रेम टिपून त्यांतून निवड करायची असेल, तर डिजिटल घ्यावे आणि मनात कोणतीही रुखरुख ठेवू नये. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली (फिल्ममधून प्रकाश टाकून कागदावर मोठी प्रतिमा पाडणाऱ्या यंत्राखाली), चांदीचा थर असलेल्या कागदावर स्वतःच्या हाताने प्रिंट काढायची असेल, किंवा ते शिकण्याची खरी इच्छा असेल, तर फिल्म घ्यावी; कारण त्या प्रिंटकडे जाणारी सर्वांत सरळ वाट निगेटिव्हमधून, म्हणजे उलट्या छटा उमटलेल्या फिल्ममधून, जाते. बहुतेक जण कॅमेऱ्यापासून विचार सुरू करतात आणि प्रिंटचा विचार सर्वांत शेवटी करतात. हा क्रम उलटा केला की पुढचे कितीतरी प्रश्न आपोआप सुटतात, असा माझा अनुभव आहे. खालच्या अनेक उत्तरांत हाच धागा दिसेल.

२. डिजिटल कॅमेऱ्यातला रंगीत फोटो संगणकावर कृष्णधवल केला की काम झाले. मग फिल्ममध्ये वेगळे ते काय?

सेन्सरच्या प्रत्येक बिंदूला मुळात रंग कळत नाही. त्याच्यावर किती प्रकाश पडला, एवढेच तो मोजतो. रंग कळावा म्हणून त्या बिंदूंवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जाळी बसवलेली असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मांडणीचे पेटंट १९७६ सालचे आहे. तिच्यात निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात, आणि प्रत्येक बिंदूवर न मोजलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. संगणकावर चित्र कृष्णधवल करताना तुम्ही हे तीन रंग ठरावीक प्रमाणात पुन्हा एकत्र करता. लाल साडी पांढुरकी दिसावी की जवळजवळ काळी, हा निर्णय त्यामुळे घरी येऊन, चहा पिता पिता घेता येतो आणि हवा तेव्हा बदलताही येतो.

फिल्मवर तो निर्णय शटर दाबण्यापूर्वी झालेला असतो. कोणत्या रंगाची कोणती करडी छटा होणार, हे फिल्मची रंगसंवेदनशीलता आणि लेन्सवरचा फिल्टर मिळून ठरवतात आणि निगेटिव्हमध्ये ते कायमचे उतरते. डिजिटलची सोय मोठी आहे, पण तिला मर्यादाही आहे. आकाश गडद करण्यासाठी निळा रंग फार खाली ओढला, तर त्या भागात नॉइज (चुकीच्या मोजमापाचे विस्कळीत ठिपके) आणि डाग दिसू लागतात आणि झाडांच्या किंवा इमारतींच्या कडांभोवती फिकट रेघ उमटते. लेन्सवरच्या फिल्टरने गडद झालेल्या आकाशात असे काही होत नाही.

३. कॅमेऱ्यातच मोनोक्रोम लावून टिपावे, की रंगीत टिपून नंतर बदलावे?

दोन्ही एकाच वेळी करावे. फाइल रॉ स्वरूपात (सेन्सरने मोजलेली माहिती जशीच्या तशी) ठेवावी आणि कॅमेऱ्याचा पडदा मोनोक्रोमवर ठेवावा. पडद्यावर कृष्णधवल चित्र दिसते, त्यामुळे नजर रंगांच्या मोहातून सुटून प्रकाश आणि आकारांकडे वळते. रॉ फाइलमध्ये मात्र सर्व रंग शाबूत राहतात. केवळ जेपेग स्वरूपात मोनोक्रोम टिपले, तर रंगांची माहिती कायमची जाते आणि दुसऱ्या प्रश्नात सांगितलेली सोय हातातून निसटते.

४. लेन्सवर पिवळा, नारिंगी, लाल फिल्टर लावणे आजही गरजेचे आहे का?

फिल्मसाठी आहे. आजची बहुतेक कृष्णधवल फिल्म सर्व रंगांना प्रतिसाद देते. मात्र निळ्या रंगाला ती आपल्या डोळ्यांपेक्षा अधिक प्रतिसाद देते, म्हणून फिल्टरशिवाय आकाश फिके येते आणि ढग त्यात हरवतात. पिवळा फिल्टर साधारण एक स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे) आणि आकाश नैसर्गिक दिसण्याइतके उतरवतो. नारिंगी त्याहून जोरकस असतो. लाल फिल्टर सुमारे तीन स्टॉप घेतो आणि ऑक्टोबरातले स्वच्छ आकाश जवळजवळ काळे करतो.

फिल्टरचे महत्त्व मला जेजुरीत नीट समजले. सोमवती अमावस्येला उधळलेला भंडारा डोळ्यांना झळझळीत पिवळा दिसतो आणि मागे निळे आकाश असते. कृष्णधवल फिल्मवर हे दोन्ही रंग जवळजवळ एकाच करड्या छटेत उतरले आणि ज्याच्यासाठी तेथवर गेलो होतो, तो भंडाऱ्याचा ढगच चित्रात उरला नाही. पुढच्या वेळी नारिंगी फिल्टर लावला. आकाश खाली गेले, हळद वर आली. कोकणातल्या जांभ्याचे आणि हिरवाईचेही असेच होते. तांबडा चिरा आणि हिरवे गवत डोळ्यांना अगदी भिन्न दिसतात, पण कृष्णधवलमध्ये सारखेच करडे येतात. लाल फिल्टर चिरा उजळतो, हिरवा फिल्टर गवत उजळतो. चित्र कशाचे आहे, त्यावरून निवड करावी. माणसे टिपताना लाल फिल्टर जपून वापरावा, कारण त्याने कपाळावरचे कुंकू त्वचेत विरून जाते.

रंगीत सेन्सरच्या डिजिटल कॅमेऱ्याला हे फिल्टर लावू नयेत. लाल काच लावली की हिरव्या आणि निळ्या बिंदूंपर्यंत फारसा प्रकाश पोहोचत नाही आणि सेन्सरचा पाऊण भाग जवळजवळ वाया जातो. केवळ मोनोक्रोम सेन्सरचे कॅमेरे याला अपवाद आहेत. त्यांच्याविषयी सातवा प्रश्न पाहावा.

५. एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किंवा सेन्सरवर पडू द्यायचा प्रकाश, दोन्हीकडे सारखेच द्यायचे ना?

नाही, आणि डिजिटलवरून फिल्मकडे येणारे सर्वाधिक रोल याच गैरसमजामुळे वाया घालवतात.

निगेटिव्ह फिल्मवर प्रकाश जास्त पडला तर ती अधिक घट्ट, म्हणजे गडद, होते, पण उजळ भागातला तपशील बऱ्याच मर्यादेपर्यंत टिकून राहतो आणि प्रिंट काढताना वेळ वाढवून तो कागदावर आणता येतो. प्रकाश कमी पडला तर सावलीच्या जागी निगेटिव्ह कोरी राहते, आणि कोऱ्या जागेतून नंतर काहीही काढता येत नाही. डिजिटलमध्ये याच्या उलट घडते. सेन्सरचा बिंदू पूर्ण भरला की त्यापुढे निव्वळ पांढरे उरते; सावलीतला तपशील मात्र रॉ फाइलमधून पुष्कळसा वर उचलता येतो, त्यासोबत थोडा नॉइज येतो इतकेच. म्हणून फिल्मवर सावल्या सांभाळाव्यात आणि डिजिटलमध्ये उजळ भाग सांभाळावेत.

पालखीच्या वाटेवर दुपारी उन्हात चालणाऱ्या वारकऱ्याची कल्पना करावी : पांढरी टोपी, पांढरे धोतर आणि टोपीच्या सावलीत सावळा चेहरा. फिल्मवर टिपताना चेहऱ्याच्या सर्वांत गडद भागावर, जिथे तपशील हवाच आहे अशा ठिकाणी, मीटर (प्रकाशमापक) धरावा आणि आलेल्या मोजणीपेक्षा दोन स्टॉप कमी प्रकाश द्यावा. मीटर प्रत्येक गोष्ट मध्यम करडी समजतो. सावली सावलीसारखीच दिसावी म्हणून ते दोन स्टॉप वजा करायचे. टोपीची काळजी डेव्हलपिंगच्या वेळी, म्हणजे रसायनाने फिल्मवर चित्र उमटवताना, करता येते, कारण डेव्हलपिंगचा वेळ कमी-जास्त करून मुख्यतः उजळ भागांची घनता बदलते. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी मांडलेल्या झोन पद्धतीचे सार हेच आहे. डिजिटल कॅमेऱ्याने हेच दृश्य टिपताना टोपीवर उजळ भाग फुटल्याची सूचना येत नाही ना, एवढे पाहावे आणि चेहरा नंतर उचलावा.

६. ग्रेन आणि नॉइज यांत खरोखर फरक आहे की तो केवळ जुन्या लोकांचा जिव्हाळा आहे?

फरक खरा आहे. ग्रेन म्हणजे डेव्हलप झालेल्या चांदीच्या कणांचे पुंजके. चित्र त्यांचेच बनलेले असते. ते मधल्या करड्या छटांत सर्वाधिक जाणवतात, म्हणजे आकाशात, भिंतीवर, गालावर. नॉइज मोजमापातली चूक असते आणि ती सावल्यांत दाटते, जिथे प्रकाश थोडा पोहोचलेला असतो. त्यामुळे ग्रेन असलेली काळी सावली शांत वाटते आणि नॉइज असलेली सावली अस्वस्थ वाटते. संगणकावर वरून ग्रेन चढवता येतो आणि चांगल्या साधनांत तो छटेनुसार कमी-जास्तही होतो; छोट्या प्रिंटमध्ये तो मला ओळखता येईल, असा दावा मी करणार नाही. मात्र केवळ ग्रेन आवडतो म्हणून फिल्म घेण्याचा सल्लाही मी कुणाला देणार नाही.

७. फक्त कृष्णधवल टिपणारे डिजिटल कॅमेरे मिळतात म्हणे. ते घेणे योग्य ठरेल का?

लायकाने २०१२ मध्ये असा कॅमेरा आणला आणि २०२३ मध्ये पेंटॅक्सने के-३ मार्क थ्री मोनोक्रोम आणला. या कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर दुसऱ्या प्रश्नात सांगितलेली रंगीत गाळण्यांची जाळी नसते. प्रत्येक बिंदू स्वतःचे मोजमाप देतो, शेजाऱ्यांवरून अंदाज बांधावा लागत नाही, आणि जाळीत अडकणारा प्रकाश वाचल्याने साधारण एका स्टॉपचा फायदा होतो. जास्त आयएसओवर (प्रकाशाला अधिक संवेदनशील ठेवून) त्यांची चित्रे विलक्षण स्वच्छ येतात.

त्याची किंमतही समजून घ्यावी. रंग नोंदलेलेच नसल्याने नंतर छटा बदलण्याची सोय नाही. फिल्मप्रमाणेच फिल्टर लेन्सवर लावावा लागतो. रंगीत सेन्सरमध्ये एखादा रंग फुटला तरी दुसऱ्या रंगात थोडा तपशील शिल्लक असतो. येथे फुटलेला उजळ भाग कायमचा जातो, म्हणून एक्स्पोजर सावधपणे द्यावे लागते. ज्याने कृष्णधवलच करायचे हे पक्के ठरवले आहे आणि ज्याला डार्करूम शक्य नाही, त्याच्यासाठी हा उत्तम कॅमेरा आहे. हौसेखातर घेणाऱ्याने मात्र आपल्या रंगीत कॅमेऱ्यावर तिसऱ्या प्रश्नातली पद्धत वर्षभर पाळून पाहावी आणि मग ठरवावे.

८. पहिली फिल्म कोणती घ्यावी?

आयएसओ ४०० ची, पारंपरिक बनावटीची कोणतीही एक. इल्फर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स घ्यावी. खर्च सांभाळायचा असेल तर चेक प्रजासत्ताकात बनणारी फोमापॅन घ्यावी. या फिल्म चुका पोटात घालतात. कोणती घेतली याहून एकाच फिल्मचे आणि एकाच डेव्हलपरचे दहा रोल सलग करणे अधिक महत्त्वाचे आहे. दर रोलला फिल्म बदलणाऱ्याला चूक फिल्मची, एक्स्पोजरची की डेव्हलपिंगची, हे कधीच कळत नाही.

इल्फर्डची एक्सपी२ ही कृष्णधवल असली तरी रंगीत फिल्मच्या सी-४१ रसायनांत धुतली जाते. घरी डेव्हलपिंग शिकायचे असेल तर ती सुरुवातीला टाळावी. लाल रंग न ओळखणारी ऑर्थो फिल्मही पहिल्यांदा घेऊ नये. तिच्यावर कुंकू जवळजवळ काळे येते आणि सावळी त्वचा फार गडद होते.

९. रोल घरी धुता येतो का? आमच्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणीच ३० अंशांच्या वर असते.

येतो, आणि त्यासाठी स्वतंत्र डार्करूमही लागत नाही. रोल टँकमध्ये चढवताना पूर्ण अंधार लागतो. तो चेंजिंग बॅगेत (हात घालायच्या बाह्या असलेल्या प्रकाशबंद पिशवीत) मिळतो. पुढचे सर्व काम उजेडात होते. डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन), स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारे), फिक्सर (चित्र कायम करणारे), थर्मामीटर, मोजपात्र आणि घड्याळ एवढे सामान पुरते. लाल दिव्याखाली फिल्म काढण्याची चूक कुणी करू नये. लाल दिवा कागदासाठी असतो.

खरी अडचण तापमानाची आहे. डेव्हलपिंगचे वेळ २० अंश सेल्सिअससाठी दिलेले असतात. एचपी५ प्लसला आयडी-११ हा डेव्हलपर पाण्यात समभाग मिसळून वापरला, तर २० अंशांना १३ मिनिटे लागतात आणि २४ अंशांना तेच काम सुमारे ९ मिनिटांत होते. आपल्याकडे वर्षाचा बराच काळ २४ अंश गाठणे हेच व्यवहार्य उद्दिष्ट आहे. डेव्हलपरची बाटली आणि पाण्याचे भांडे बर्फाच्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात ठेवावे. बर्फ थेट रसायनात टाकू नये, कारण प्रमाण बिघडते. टँक मात्र वेगळ्या घमेल्यात, २४ अंशांवर आणलेल्या पाण्यात ठेवावा. मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात राहणाऱ्यांनी पहाटे काम करावे. तापमान वाढल्यामुळे वेळ पाच मिनिटांच्या खाली जात असेल, तर तो प्रयत्न सोडून द्यावा किंवा डेव्हलपर अधिक पातळ करून वेळ वाढवावा. इतक्या थोड्या वेळात फिल्म सर्वत्र सारखी डेव्हलप होत नाही आणि आकाशात पट्टे दिसतात. स्टॉप बाथ, फिक्सर आणि धुण्याचे पाणी हेही डेव्हलपरच्या जवळपासच्या तापमानालाच असावे.

फिक्सर ताजा आहे का, हे पाहण्यासाठी फिल्मच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा त्यात टाकावा, तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजावे आणि त्याच्या दुप्पट वेळ रोल फिक्स करावा. पाण्याची टंचाई असलेल्या गावांत फिक्सर काढण्यासाठी इल्फर्डने सुचवलेली पाण्याने धुण्याची पद्धत फार उपयोगी पडते. टँक भरून पाच वेळा उलटासुलटा करावा आणि पाणी ओतून द्यावे, मग नव्या पाण्यात दहा वेळा, मग पुन्हा नव्या पाण्यात वीस वेळा. बोअरचे पाणी जड असेल तर शेवटचे पाणी डिस्टिल्ड घ्यावे, म्हणजे वाळल्यावर पांढरे डाग पडत नाहीत. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते. तो मोरीत किंवा गटारात ओतू नये, कॅनमध्ये साठवावा आणि एक्स-रे फिल्ममधून चांदी काढणाऱ्यांकडे द्यावा.

१०. रोल लॅबमध्ये धुवायला टाकला तर काय काळजी घ्यावी?

तीन गोष्टी आधी विचाराव्यात : कृष्णधवल रोल कृष्णधवल रसायनांतच धुतला जातो का, कोणता डेव्हलपर वापरतात, आणि निगेटिव्ह परत मिळतात का. पहिला प्रश्न अनावश्यक वाटेल, पण तो मी हानी सोसून शिकलो आहे. एका लॅबने माझा रोल रंगीत फिल्मच्या यंत्रातून काढला. त्या प्रक्रियेत चांदी धुऊन काढली जाते आणि रंगद्रव्य मागे राहते. कृष्णधवल फिल्ममध्ये रंगद्रव्य नसतेच, त्यामुळे हाती संपूर्ण कोरी पट्टी आली. तेव्हापासून मी रोलवर जाड पेनाने ‘कृष्णधवल’ असे लिहून देतो. निगेटिव्ह परत न देणाऱ्या आणि केवळ स्कॅन पाठवणाऱ्या ठिकाणी रोल टाकू नये.

११. फिल्मवर टिपून शेवटी स्कॅनच करायचा असेल, तर ते डिजिटलच झाले ना?

मोठ्या प्रमाणात झाले, आणि हे मान्य करायला हवे. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह २४०० डीपीआयला (इंचाला २४०० बिंदू) स्कॅन केली की साधारण ३४०० गुणिले २२७० बिंदूंचे, म्हणजे पावणेआठ मेगापिक्सेलच्या आसपासचे चित्र मिळते. फोनवर पाहण्यासाठी तेवढे भरपूर आहे; पण फोनवरच पाहायचे असेल तर फिल्मचा खर्च आणि श्रम कशासाठी, हा प्रश्न स्वतःला विचारावा. त्याला एक प्रामाणिक उत्तर असू शकते : छत्तीसच फ्रेम हातात असल्यामुळे आपण सावकाश पाहतो, आणि टिपलेले लगेच दिसत नसल्याने समोरच्या माणसाकडे लक्ष राहते. हे कारण मला पटते. ‘फिल्मचा लुक’ हे कारण तितकेसे पटत नाही, कारण त्या लुकचा मोठा भाग स्कॅन करणाऱ्याने कॉन्ट्रास्ट कसा लावला यावर ठरतो.

स्कॅन करताना एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी. स्कॅनरमधली इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ ओळखण्याची सोय चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, कारण चांदी तो प्रकाश अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजते. आठव्या प्रश्नातली एक्सपी२ याला अपवाद आहे. इतर फिल्मसाठी ब्लोअर, मऊ ब्रश आणि धीर एवढाच उपाय आहे.

१२. डार्करूमची प्रिंट आणि इंकजेट प्रिंट यांत कोणती सरस?

चांगल्या प्रिंटरवर, अनेक करड्या शाईंसह, बरायटा कागदावर काढलेली इंकजेट प्रिंट तीक्ष्णतेत आणि छटांच्या बारकाव्यात डार्करूमच्या प्रिंटला उणी पडत नाही, आणि पहिल्याच प्रतीसारखी पन्नासावी प्रतही काढता येते. स्वस्त रंगीत प्रिंटरवर कृष्णधवल काढले, तर मात्र करडा रंग ट्यूबलाइटखाली हिरवट आणि बल्बखाली जांभळट दिसू शकतो. त्यावरून संपूर्ण डिजिटल मुद्रणाचे मूल्यमापन करू नये.

तरीही मी डार्करूममध्ये जातो, आणि त्याचे कारण सांगण्याचा प्रयत्न करतो. फायबर कागदावर चांदी जिलेटीनच्या थरात बसलेली असते, कागदावर पसरलेली नसते; त्यामुळे काळ्याला एक खोली येते, जी प्रिंट तिरकी धरली की कळते. शिवाय प्रत्येक प्रिंट हाताने घडते. एन्लार्जरच्या प्रकाशात तळहाताची सावली धरून चेहरा उजळ ठेवायचा, पुठ्ठ्याच्या भोकातून आकाशावर आणखी दहा सेकंद प्रकाश द्यायचा, आणि मग ट्रेमध्ये कोऱ्या कागदावर माणूस हळूहळू उमटताना पाहायचा. हे सर्व संगणकावर अधिक अचूक करता येते, हे मला ठाऊक आहे. पण ज्याला हाताचे काम आवडते, त्याच्यासाठी अचूकता हा एकमेव निकष नसतो.

सुरुवात रेझिन कोटेड (प्लास्टिकचा थर असलेल्या) कागदापासून करावी, कारण तो दोन मिनिटांत धुऊन होतो. फायबर कागद वाहत्या पाण्यात तासभर धुवावा लागतो, किंवा हायपो (कागदात उरलेला फिक्सर) काढणारे द्रावण वापरून तो वेळ कमी करावा लागतो. मल्टिग्रेड कागद घ्यावा, म्हणजे एन्लार्जरमधल्या फिल्टरने कॉन्ट्रास्ट बदलता येतो आणि वेगवेगळ्या ग्रेडची पाकिटे साठवावी लागत नाहीत.

१३. खर्चाचा हिशोब कसा करावा?

एका फ्रेमचा खर्च काढावा. रोलची किंमत, धुण्याचा खर्च आणि स्कॅनचा किंवा कागदाचा खर्च यांची बेरीज करून तिला ३६ ने भागावे. महिन्याला दोन रोल म्हणजे वर्षाला ८६४ फ्रेम होतात. तो आकडा त्या संख्येने गुणला की किती वर्षांत डिजिटल कॅमेऱ्याची किंमत भरून निघेल, ते दिसते. १०० फुटांचा डबा आणून रिकाम्या कॅसेटमध्ये स्वतः फिल्म भरली, तर त्यातून साधारण १८ रोल निघतात आणि प्रत्येकी खर्च उतरतो. आयडी-११ च्या एक लिटर मूळ द्रावणात, समभाग पाणी मिसळून, ३५ मिलिमीटरचे सुमारे सहा रोल धुता येतात. पूर्ण भरलेल्या घट्ट बाटलीत ते द्रावण सुमारे सहा महिने टिकते. महिन्याला सहाशे फ्रेम टिपणाऱ्याने फिल्मचा विचार न केलेलाच बरा.

१४. कीर्तन, गोंधळ, देवळाचा गाभारा : अशा अंधूक प्रकाशात फिल्म चालेल का?

चालेल, पण येथे डिजिटल निर्विवाद पुढे आहे. ४०० ची फिल्म १६०० धरून टिपणे आणि डेव्हलपिंग वाढवणे, याला पुश करणे म्हणतात. त्यामुळे फिल्म अधिक संवेदनशील होत नाही. मधल्या आणि उजळ छटा वर येतात, सावल्या कोऱ्याच राहतात, कॉन्ट्रास्ट आणि ग्रेन वाढतो. समईच्या उजेडातला चेहरा आणि भोवती पूर्ण काळोख अशा चित्रात हे शोभूनही दिसते. संबळ वाजवणाऱ्याचे हात आणि मागे बसलेले श्रोते असे दोन्ही हवे असतील, तर डिजिटल न्यावे.

तिपाईवर लांब एक्स्पोजर द्यायचे असेल तर आणखी एक हिशोब करावा लागतो. प्रकाश फार मंद असला की फिल्मचा प्रतिसाद घटतो. एचपी५ प्लससाठी मीटरने १० सेकंद सांगितले तर सुमारे २० सेकंद द्यावेत, आणि ३० सेकंद सांगितले तर जवळपास दीड मिनिट. सेन्सरला अशी दुरुस्ती लागत नाही.

१५. आमच्या घरी पावसाळ्यात कपाटालाही बुरशी येते. निगेटिव्ह टिकतील का? त्यापेक्षा हार्ड डिस्क बरी नाही का?

दोन्हींना राखण लागते, फक्त राखणीचा प्रकार वेगळा असतो. जिलेटीन हे बुरशीचे आवडते खाद्य आहे. निगेटिव्ह पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा ॲसिड नसलेल्या कागदाच्या पाकिटांत ठेवाव्यात, पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नयेत. ती पाकिटे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावीत आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा कोरडे करावे. डब्यातून व्हिनेगरसारखा वास आला, तर ॲसिटेटचा पाया कुजू लागला आहे असे समजावे. अशा निगेटिव्ह वेगळ्या काढून लगेच स्कॅन कराव्यात. न वापरलेली फिल्म फ्रिजमध्ये ठेवावी, पण बाहेर काढल्यावर दोन-तीन तास पाकीट उघडू नये, नाहीतर तिच्यावर दव साचते.

हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी वास देत नाही. डिजिटल फाइलच्या किमान तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी असावी. दुर्लक्ष झालेली निगेटिव्ह पन्नास वर्षांनी खराब अवस्थेत का होईना, पण डोळ्यांना दिसते. बंद पडलेल्या डिस्ककडे पाहून तिच्यात काय होते, ते कुणालाच सांगता येत नाही. कुटुंबाच्या छायाचित्रांचा विचार करताना मला हा फरक फार मोठा वाटतो.

१६. परदेशातून गावी येताना विमानतळावरच्या तपासणीत फिल्म खराब होते का?

चेक-इन सामानात फिल्म कधीही ठेवू नये; त्या सामानाची यंत्रे अधिक तीव्र असतात. हातातल्या सामानासाठी जुन्या प्रकारचे एक्स-रे यंत्र असेल, तर ४०० पर्यंतच्या फिल्मला एक-दोन फेऱ्यांनी सहसा धक्का लागत नाही. अनेक विमानतळांवर आता सीटी पद्धतीची नवी यंत्रे आली आहेत आणि ती कमी आयएसओच्या फिल्मलाही धुरकट करू शकतात. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवावेत आणि हाताने तपासण्याची नम्र विनंती करावी. न्यू जर्सीहून किंवा दुबईहून दोन ठिकाणी विमान बदलून येणाऱ्यांनी फिल्म येथेच विकत घेऊन येथेच धुऊन घ्यावी, हा त्याहून सोपा उपाय आहे.

१७. आजोबांच्या पेटीत जुना कॅमेरा सापडला आणि आत टिपलेला, पण न धुतलेला रोल आहे. काय करू?

मागचे झाकण उघडू नका. कॅमेऱ्यात रोल गुंडाळण्याची कळ असेल, तर अडकत नाही ना हे पाहत ती सावकाश फिरवून रोल पूर्ण गुंडाळावा. अडकत असेल तर कॅमेरा चेंजिंग बॅगेत घालून रोल काढावा. मग कागदावर काय लिहिले आहे ते पाहावे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल असेल तर तो कृष्णधवल असण्याची शक्यता मोठी आहे. कोणत्या प्रक्रियेने धुवायचा हे रोलवर छापलेले असेल आणि तो रंगीत निघाला, तरी तो कृष्णधवल रसायनांत धुता येतो. रंग मिळणार नाहीत, पण माणसे दिसण्याची शक्यता वाढते.

अशा रोलचे एक्स्पोजर आता वाढवता येत नाही, त्यामुळे धूसरपणा कमी ठेवणे एवढेच हाती असते. एचसी-११० सारखा धूसरपणा कमी ठेवणारा डेव्हलपर वापरावा, शक्य असेल तर २० अंशांच्या वर जाऊ नये, आणि आधी रोलच्या टोकाचा लहान तुकडा अंधारात कापून त्यावर वेळेची चाचणी घ्यावी. नवव्या प्रश्नातले थोड्या पाण्यात धुण्याचे तंत्र येथेही चालते, मात्र जुने जिलेटीन मऊ झालेले असते, म्हणून टँक हलक्या हाताने उलटावा आणि ओली फिल्म बोटांनी पुसू नये. निगेटिव्ह फार धूसर आली तरी टाकून देऊ नये; छपाईच्या कागदावर न उतरणाऱ्या अशा निगेटिव्हमधूनही डिजिटल कॅमेऱ्याने काळजीपूर्वक केलेला स्कॅन चेहरा बाहेर काढू शकतो.

कॅमेरा १२० आकाराची फिल्म घेणारा असेल, तर ती फिल्म आजही मिळते. ६२० लिहिले असेल, तर फिल्म तीच आहे, फक्त ती गुंडाळण्याची चकती (स्पूल) बारीक आहे. १२० ची फिल्म अंधारात जुन्या चकतीवर गुंडाळून घ्यावी. रिकामी चकती म्हणूनच फेकू नये.